बॉनेटवर टेकलेला गाल

दाजींबद्दल लिहावं इतकं मला त्यांच्याबद्दल ठाऊक नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं लहानपण कुठे गेलं, हे काम ते कुणाच्या हाताखाली शिकले, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर त्यांची मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही रोज बाबांच्या समोर बसायचात. आठवेल तेवढं लिहून द्या." मला लिहिण्याची सवय नाही, पण तिला नाही म्हणवलं नाही. समोर खुर्ची टाकून बसलेल्याला माणूस जेवढा दिसतो, तेवढाच इथे आहे.

ते खरे दाजी वर्कशॉपच्या मालकाचे. मालकाची थोरली बहीण त्यांना दिलेली. मालक दाजी म्हणायचा म्हणून कामगार म्हणायचे, गिऱ्हाइकं म्हणायची, आणि वयाने बराच थोरला असून मीही म्हणायचो. त्यांच्या बायकोला त्याच न्यायाने सगळे ताई म्हणत.

वर्कशॉप माझ्या घराच्या मागेच. पहिल्यांदा गेलो तो माझी निळी गाडी घेऊन. गाडी स्वच्छ होती, निदान मला तसं वाटत होतं. दाजींनी हातातला दिवा तिच्यावर तिरपा धरला आणि दारावर बारीक गोल गोल रेघांची जाळी उमटली, कोळ्याने रात्रभर विणल्यासारखी.

"कशाने पुसता?"

"जुन्या बनियनने."

"धुतलेल्या?"

"महिन्यातून एकदा धुतो की."

"म्हणजे तुम्ही गाडी पुसत नाही काका, भांडी घासता."

मागे कुणीतरी खो खो हसलं. दाजी हसले नाहीत. त्यांनी दाराच्या कडांना टेप लावली, पॉलिशच्या मशीनच्या मऊ पॅडवर चार थेंब घेतले, आणि ते आधी पत्र्यावर टेकवून मगच चालू केलं. एका वेळी टॉवेलएवढाच तुकडा. हळू, आडवं, मग उभं. मशीन थांबवलं की मऊ कापडाने पुसायचं, तळहात टेकवून पत्रा किती तापला ते बघायचं, मग दिवा मारायचा. जाळी नाहीशी झाली होती.

"गेल्या कुठे रेघा?" मी विचारलं.

"रेघ उचलून टाकता येत नाही. तिच्या आजूबाजूचा थर तिच्या तळापर्यंत खाली आणायचा. म्हणजे दर खेपेला गाडी थोडी कमीच होते."

"असं किती वेळा चालतं?"

"फार वेळा नाही. आणि पत्रा तापतोय हे कळलं नाही, तर एकदाही नाही. रंगच जळतो."

पुढे गाडी विकली, पण माझं तिथे जाणं सुटलं नाही. घरी एकटा असतो; तिथे पेपर वाचायला उजेड चांगला आणि माणसांचा आवाज असतो.

दाजी तळहाताऐवजी गाल लावायला लागले ते नेमकं कधी, मला सांगता येणार नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मशीन बंद केलं की ते वाकतात, बॉनेटवर गाल टेकवतात आणि डोळे मिटून तसेच राहतात. आत कुणी बोलत असेल आणि ते ऐकत असतील, तसे. मला ते बघून बरं वाटलं नाही. का, ते सांगता आलं नसतं. इतरांना मात्र आयतं खाद्य मिळालं.

"दाजी, पापा घेऊन झाला असेल तर चावी द्या," मालक ओरडायचा. "ती गिऱ्हाइकाची आहे, लग्न लावून देणार नाही तुमच्याशी."

"तुझ्या बहिणीला सांगू नकोस म्हणजे झालं," दाजी म्हणायचे, आणि हशा पिकायचा.

मग तो चहाचा प्रसंग. स्टीलच्या पेल्यांत चहा आला होता, इतका कढत की सगळे पेला या हातातून त्या हातात नाचवत होते. दाजींनी मात्र पूर्ण मुठीत धरला होता. बोटं लाल झाली होती आणि ते मला कुठल्याशा बंपरची गोष्ट सांगत होते. मी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला.

ते बोटांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "झोपलीत ती. बरेच दिवस झाले. मशीनची थरथर बसते ना बोटांत. सकाळी पांढरी पडतात, खडूसारखी."

"डॉक्टरला दाखवा."

"हात दाखवून अवलक्षण कशाला? तो सांगणार, मशीन सोडा. मेहुणा काय वाईट नाही, गल्ल्यावर बसवील. खुर्ची देईल, पंखा देईल. पण मग मी कोण? बायकोच्या भावाकडे बसून खाणारा जावई." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "काका, मशीन आहे तोवर मी इथे माझ्या कामाचं खातो. गाल शाबूत आहे अजून. कुणाला बोलू नका."

मालकापुढे मी ब्र काढला नाही. पण ताईला सांगायला हवं, असं मनात घोळत राहिलं. ती डबा घेऊन यायची. एकदा फाटकापाशी तिला थांबवलं खरं, पण डब्यात काय आहे एवढंच विचारलं. तिनेच वाचा फोडली.

"त्यांच्या हातांचं ना? मला माहीत आहे."

"त्यांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील! अंघोळीचं पाणी मी आधी स्वतः बघते. भाजी चिरायला देत नाही. संध्याकाळी तेल चोळायच्या निमित्ताने एकेक बोट उलटसुलट करून बघते. कधी कापलेलं असतं, कधी भाजलेलं. त्यांना पत्ताच नसतो. आता बघा, मागच्या महिन्यात अंगठ्यात पत्र्याची कपची सापडली. तेल चोळता चोळता काढली, ते टीव्ही बघत होते."

"मग बोलत का नाही तुम्ही?"

"बोलले तर हात द्यायचे नाहीत माझ्या हातात. त्यांना वाटतं, म्हातारपणी बायको लाड करतेय. वाटू द्या." आणि डबा या हातातून त्या हातात घेऊन म्हणाली, "फक्त मला कुठे जाता येत नाही."

त्यानंतर दाजींना बघितलं की माझी नजर आधी बोटांकडे जायची.

मुलीचं बाळंतपण जवळ आलं, आणि अवघड होतं. ताईला जावंच लागलं. त्याच आठवड्यात ती काळी गाडी आली. काळ्या रंगात जेवढं दिसतं तेवढं दुसऱ्या कशात दिसत नाही. रेघा अगदी हलक्या होत्या, पण गाडीभर होत्या, आणि मालकाने दाजींशिवाय कुणाला हात लावू दिला नाही. दाजी खूश होते. दोन्ही हातांत रबरी मोजे चढवून ते सकाळपासून तिच्याभोवती फिरत.

"तेल कोण चोळतं आता?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"कोण चोळणार? मी काय तान्हं बाळ आहे?" ते हसले. "हिला मात्र काहीतरी झालंय. जाताना काय म्हणाली माहितीय? गाड्यांवर मारता तो दिवा रोज संध्याकाळी स्वतःच्या हातांवरही मारा. फोनवरही तेच."

"मारता का?"

"हे बघा की." त्यांनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला. पंजा फिकट होता, पण धड होता. डाव्या हातात मशीन होतं. तो मोजा तसाच राहिला.

मग मशीन खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "तिला कळलं असेल का हो?"

"तिलाच विचारा."

"परत आली की विचारीन."

पुढचं मला नंतर समजलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. काळ्या गाडीची नंबरप्लेट काढताना डाव्या मधल्या बोटाला पत्रा लागला असावा. मोजा फाटला तेवढ्यावर त्यांनी टेप गुंडाळली, कडांना लावतात तीच. आत बोट चिघळत गेलं. घरी आल्यावर थकलेला माणूस हात धुऊन झोपत असेल. दिवा कोण मारतो. डॉक्टर म्हणाले, काळजी घेणाऱ्या कुणीतरी एकदा बघितलं असतं तर गोष्ट बोटावर भागली असती. विष रक्तात उतरलं होतं. ताई दवाखान्यात पोचली तेव्हा ते कुणाला ओळखत नव्हते. तिने आल्या आल्या त्यांचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटं उलटसुलट करून बघत राहिली. नर्सने थांबवलं, तरी बघत राहिली.

मालक भिंतीला टेकून रडत होता. "मला एका शब्दाने सांगायचं ना! मी गल्ल्यावर बसवलं असतं त्यांना. आरामात बसवलं असतं."



दवाखान्यात न्यावं लागण्याआधी काळी गाडी त्यांनी पूर्ण केली होती. त्या दुपारी ती दाराशी उभी होती आणि तिच्यात समोरची भिंत, विजेची तार, माझी खुर्ची, सगळं जसंच्या तसं दिसत होतं. ताप तेव्हाच चढत होता, असं डॉक्टरांचं म्हणणं. बाकीचे जेवायला गेले होते. उकाड्याने माझा शर्ट पाठीला चिकटला होता. दाजी गाडीला पाठ टेकवून खाली बसले होते, मोजे घातलेले हात काखेत दाबून.

"झाली वाटतं," मी म्हणालो.

"झाली. आता दिवा मारा नाहीतर सूर्य आणा, रेघ दिसायची नाही."

"मग घरी जाऊन पडा जरा."

"जातो. आज गारठा आहे, नाही?"

"असेल," मी पेपरची घडी घालत म्हटलं. "येऊ मग?"

"या. जाताना तेवढं दार ओढून घ्या, काका."