नानांचा लॅपटॉप आजारी नव्हता

आमचे शेजारी भांगरेनाना लॅपटॉप सुरू करण्याआधी त्याच्या पाठीला कान लावत. मग मान हलवून निदान सांगत, "बाई, त्याला काय झालं न्हाई. लाइटीचा दोष हाय."

नाना अकोले तालुक्यातले निवृत्त कृषी सहाय्यक. निवृत्तीनंतर डोंगरातल्या वाड्या-वाड्यांवर फिरून त्यांनी भाताच्या जुन्या वाणांबद्दल म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बोलतं केलं होतं. रेकॉर्ड केलेले ते सारे आवाज त्या एका लॅपटॉपमध्ये होते. आणि त्याची दशा काय सांगावी! चार्जरची पिन रबराने बांधलेली. बॅटरी फुगून खालचं झाकण उचललेलं. पडदा एका ठरावीक कोनात धरला तरच उजळे. हवा खेळावी म्हणून खाली काड्यापेट्या. दर बिघाडाला नानांकडे नवा आरोपी तयार असे: कधी मुंग्या, कधी दमट हवा, कधी सूनबाईंचा मिक्सर. स्वतः सोडून सगळ्यांवर खटला!

मी कॉलेजात संगणक शिकवते, त्यामुळे मला गप्प बसवेना. आतून टकटक आवाज यायला लागला तेव्हा मी म्हटलं, "नाना, हार्ड डिस्क चाललीय ही. आजच सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, मी करून देते."

नाना दुखावले. "जित्या माणसाच्या दहाव्याची तयारी करता व्हय, बाई? टकटक करतंय म्हंजी जीव हाय त्याच्यात!"

आता काय बोलणार, कपाळ! बियाणं मात्र हाच माणूस दोन घरी ठेवी, एकीकडे उंदीर लागले तर दुसरीकडचं असावं म्हणून. तेही बोलून दाखवलं. म्हणाले, "लॅपटॉपला उंदीर लागत न्हाईत."

दिवाळीनंतर टकटक थांबली. नाना हसत सांगायला आले, "बघा, आपोआप बरं झालं!" त्यानंतर तो लॅपटॉप सुरूच झाला नाही. संगमनेरच्या दुकानदाराने खोलून पाहिलं, तर आतली चकतीच खरवडली गेली होती. एक आवाज निघाला नाही. मला नानांचा भयंकर राग आला, आणि घरी येऊन रडूही आलं. त्यातली बरीच माणसं आता हयात नव्हती.

काही दिवसांनी नाना म्हणाले, "चला, पुन्हा इचारून येऊ." माझा लॅपटॉप घेऊन आम्ही जीपने एका वाडीवर गेलो. नानांशी सगळ्यात जास्त बोललेला म्हातारा मागच्या पावसाळ्यात वारला होता. त्याची बायको ओट्यावर तांदूळ पाखडत होती. नानांना पाहून तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं, माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"त्यांचा आवाज आनला व्हय, नाना? ऐकवा की."

आता कोणावर ढकलतात म्हणून मी नानांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई, आक्का. माज्याच चुकीनं गेला तो."

म्हातारीने सूप ओढून घेतलं आणि खाली मान घालून पुन्हा पाखडायला लागली.