शेंडा दिसेपर्यंत वाका

आमच्या कोपरगावाकडच्या खेड्यात झाड पाडायचं असलं की मोहियोद्दीनभाईंना बोलावणं जायचं. साठीचा सडपातळ माणूस. आल्या आल्या कुऱ्हाड खाली ठेवायचे, तंबाखू मळत बसायचे आणि मालकाला सुनवायचे, "झाड कापाया अक्कल लागत न्हाई. ते कुठवर जाऊन निजंल, ते कळाया लागतं."

१९९६ साली शाळेच्या आवारातली निलगिरी वाळली. एका बाजूला विजेच्या तारा, दुसऱ्या बाजूला राहीबाईचं घर, आणि झाड कललेलं नेमकं तिच्या घराकडे. म्हणजे पाडायचं ते तिकडेच. राहीबाई एकटी राहायची. दोन वर्षं खुरपणी करून तिने स्वयंपाकघरावर नवी कौलं घातली होती. झाडापासून तिची भिंत बावन्न फुटांवर.

मी नववीला गणित शिकवायचो आणि मला त्याचा माज होता, हे कबूल करून टाकतो. वर्ग बाहेर काढला. काठी उभी करून तिची सावली मोजली, झाडाची सावली मोजली, त्रैराशिक मांडलं. उंची सेहेचाळीस फूट. वर सहा फुटांची माया!

"बिनधास्त पाडा," मी हुकूम सोडला.

मोहियोद्दीनभाईंनी झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सर, हे राहीआक्काच्या चुलीत जाऊन बसंल."

"गणित खोटं बोलत नाही."

"गणित न्हाई हो बोलत," ते म्हणाले आणि तंबाखूवरचा चुना झटकला.

राहीबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "तुमा दोघांच्या भांडनात माझं घर जाईल! नक्की काय ते सांगा."

"आक्का, माझंबी ऐकू नको, सरांचंबी नको. भिंतीपाशी जा, झाडाकडं पाठ कर, खाली वाक आन् दोन्ही पायांमधनं बघ. शेंडा दिसला, तर झाड तुज्यापत्तुर येत न्हाई. न्हाई दिसला, तर येतं."

जन्म वाकण्यात गेलेली बाई. पदर खोचून वाकली. "बुंधा दिसतुया... फांद्या दिसत्यात... शेंडा कुठं हाय? न्हाईच की!" ती ताडकन उभी राहिली. "आगं बाई, माझी कौलं!"

"तिला नीट दिसलं नसेल," मी म्हणालो.

"मग तुमी वाका," मोहियोद्दीनभाई अगदी अदबीने म्हणाले.

समोर चाळीस पोरं. इन केलेला शर्ट, खिशाला दोन पेनं. नाही म्हणणार होतो, पण राहीबाईच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. वाकलो. पेनं पडली, चष्मा कपाळावर घसरला, पोरं खिदळली. चष्मा धरून पुन्हा पाहिलं. शेंडा नव्हताच. मग मात्र लाजेपेक्षा भीती वाटली. बिनधास्त पाडा, असं मीच तर म्हणालो होतो.

"आता तिकडं बघा," मोहियोद्दीनभाईंनी आवाराच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. झाडाची सावली भिंतीपर्यंत जाऊन वर चढली होती. मी मोजली होती ती फक्त भिंतीच्या पायथ्यापर्यंत.

त्यांचा जावई परवेझ झाडावर चढला. त्याने दोराला बांधून शेंड्याचा मोठा तुकडा आधी उतरवला, मग बुंधा पाडला. राहीबाईने डोळे गच्च मिटले होते. उघडले, तर टोक तिच्या घराच्या भिंतीच्या सात-आठ फूट अलीकडे. तरी तिने कौलं एकेक करून मोजलीच. मी दोन्ही तुकडे टेपने मोजले. एकोणसाठ फूट.

तिच्या स्वयंपाकघरात चहा पिताना मला एकदम आठवलं. "मोहियोद्दीनभाई, तुम्ही कधी वाकून पाहिलंत? तुम्ही तर बसूनच होतात!"

"मी कुठं वाकतूय? दोन वर्सं झाली, कंबर धरलीया."

"मग झाड घरावर जाईल, हे कशावरून?"

"भिंतीवरची सावली आल्या आल्याच दिसली हुती."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं!"

त्यांनी सावकाश बशीवर फुंकर घातली. "ऐकलं असतं का तुमी?"

"नसतं," मी म्हणालो, आणि राहीबाईने माझ्या कपात आणखी चहा ओतला.