आपोआप बंद होणारी मोटर

आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते. मागायला गेलं की पहिला प्रश्न, "मॅडम, फुटलं तर?" परीक्षानळ्या वापरल्या की फुटणारच, हे मी विज्ञान शिकवायला लागल्यापासून सांगते आहे. शेवटी हात टेकले आणि घरातले डबे, बाटल्या, वायरी आणून प्रयोग करायला लागले. मोडनिंबच्या एसटीत माझी पिशवी बघून कंडक्टर विचारतो, मॅडम, भंगार कुठं घालता?

त्याच भंगारातून नववीतल्या एका मुलीने टाकी भरली की आपोआप बंद होणारी मोटर केली. मोटर खेळण्यातली, पण अडचण खरी. तिचे वडील विहिरीवरची मोटर चालू करून कामाला लागायचे आणि विसरायचे. टाकी वाहून पाणी शेजाऱ्याच्या ज्वारीत, मग बांधावर भांडण. हिने औषधाची रिकामी बाटली टाकीत तरंगत सोडली. पाणी चढलं की बाटली वर येणार, ती पत्र्याची पट्टी उचलणार आणि वीज बंद. पट्टी तीनदा गंजली, चौथ्यांदा तिने तांब्याची लावली. मी हात लावला नाही. तिने लावू दिलाही नसता.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन यंदा आमच्याच शाळेत होतं. वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, जिल्ह्याला निवड झाली तर अकरावीला सोलापूरला सायन्सला घालू, नाहीतर इथंच आर्ट्स. दहावीच्या मुलांना आम्ही प्रदर्शनात उतरवत नाही. म्हणजे तिला हे एकच वर्ष होतं.

आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी पाहुण्यांच्या स्वागताला सहा मुली निवडल्या. नऊवारी, नथ, हातात ओवाळणीचं ताट. त्यात ही, कारण ही उंच. मी म्हटलं, हिचा प्रकल्प आहे. "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, मॅडम." विज्ञान प्रदर्शनात ओवाळायला मुलीच का लागतात, असं विचारलं की मी भांडखोर ठरते, म्हणून त्या दिवशी विचारलं नाही.

दहाला येणारे पाहुणे साडेबारा वाजले तरी येईनात. मुली फाटकाशी उन्हात उभ्या, ताटातली निरांजनं दोनदा विझलेली. परीक्षक मात्र वेळेवर हजर. ते एकेक टेबल बघत आमच्या रांगेला आले तशी मी फाटकाकडे पळाले. मुख्याध्यापक म्हणाले, गाडी आलीच आहे, आता कुणी हलायचं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा हात धरून तिला ओढत न्यायला हवं होतं. मी एकटीच परत पळाले.

आणि तिथे जाऊन मी काय करावं? परीक्षकांना सगळं सांगून टाकलं. बाटली का तरंगते, पट्टी तांब्याचीच का, अगदी बांधावरच्या भांडणासकट. इतकी वर्षं शिकवते आहे, एकदा तोंड सुरू झालं की थांबत नाही. मोटर चालवून दाखवली, ती बंदही झाली. परीक्षक बाईंनी कौतुकाने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, 'शिक्षकांनी तयार केलेले दिसते. विद्यार्थ्याचा सहभाग नाही.'

मी त्यांच्यामागे दोन वर्ग बोलत गेले. मुलगी फाटकाशीच आहे, बोलावते, पाच मिनिटं द्या. बाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्या शाळांत हेच ऐकते हो मी." त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती. मीही परीक्षक असताना असंच लिहिलं आहे.

निवडीच्या यादीत ती नव्हती. मी टेबलाशी गेले तेव्हा ती नऊवारी वर खोचून टाकीतलं पाणी बादलीत ओतत होती. तिचे वडील सकाळपासून तिथेच भिंतीला टेकून उभे होते, माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. ते चिडतील असं मला वाटलं, चिडायलाच हवे होते. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, निवड न्हाय झाली तर न्हाय. पन तुमी लई भारी सांगितलं. आमच्या पोरीला असं बोलाया जमलंच नसतं की."

मुलीने वर पाहिलं नाही.

"मला कुनी इचारलंच न्हाय, पप्पा," ती म्हणाली.