मिश्री लावणाऱ्या चाळीस जणी

कर्करोग संशोधनाच्या अनुदानासाठी मी शेवटचा अर्ज भरला, तेव्हा मला चाळीस बायका हव्या होत्या, आणि त्याही रोज मिश्री लावणाऱ्या. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना चोळून चोळून गालाच्या आत पांढरे चट्टे उठतात. त्यातले कुठले पुढे बिघडणार, हे आधीच ओळखता येईल का, हा माझा विषय. मी मूळची दातांची डॉक्टर, पण दवाखान्यापेक्षा प्रयोगशाळेत जास्त रमले. वयाच्या अटीत मी त्या वर्षापुरतीच बसत होते. मुलाखतीआधी चाळीस जणींची लेखी तयारी दाखवली नाही, तर सात वर्षांचं काम कपाटात जाणार होतं.

रिहे गावातल्या आशाताईंनी, म्हणजे सरकारी आरोग्य सेविकेनं, समाजमंदिरात बायका जमवल्या. साठेक तरी असतील. सगळ्या धुतलेल्या पातळात, डोक्यावर पदर, ओळीनं बसलेल्या. मी तक्ता उघडून एकेकीला विचारत गेले. मिश्री लावता? न्हाई. कधी लावायचात? न्हाई बा. साठ वेळा तेच उत्तर. दात काळसर दिसत होते, हिरड्या घासून घासून लालबुंद झाल्या होत्या, पण अर्जाला त्यांच्या तोंडचा होकार लागत होता. मला शून्य मिळालं.

परतताना गाडीपाशी मी आशाताईंवर तडकले. त्या खाली बघत म्हणाल्या, "मॅडम, मीच सांगितलं हुतं. डॉक्टर येणार, त्वांड बघणार, जरा नीट ऱ्हावा. दोन दिस सगळ्याजणी मीठ आन् राखुंडी घासत्यात."

पाहुणे येणार म्हणून घर सारवावं तशी त्या बायकांनी तोंडं सारवली होती. मला हसू यायला हवं होतं. आला तो राग. घोटवड्याच्या चढापर्यंत मी रागातच गाडी चालवली आणि मग माझी मलाच लाज वाटली. कर्करोगावर काम करणारी बाई, आणि साठ बायका तंबाखू लावत नाहीत म्हणून हिरमुसली होती.

सूसच्या घरी आईला सगळं सांगितलं. आमचं मूळ घर सूसचंच. शेताच्या जागी आता सोसायट्या आहेत आणि त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. आई पोट धरून हसली. तिच्या कमरेच्या पिशवीत मिश्रीची डबी कायम असे. पंधरा वर्षं मी तिला समजावत होते, फोटो दाखवत होते, भांडत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आमच्या घरात मलाच लागू होती. आई म्हणाली, पुढच्या खेपेला मी येते, तू फक्त गप्प बस.

चार दिवसांनी आम्ही सकाळीच गेलो. समाजमंदिर नको, आई म्हणाली. ती सरळ आशाताईंच्या अंगणात गेली. तिथं शेजारपाजारच्या बायका सुपं घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. आई त्यांच्यात मांडी घालून बसली, पाऊसपाण्याचं, भाताचं, सुनांचं बोलली. मग कमर चाचपून म्हणाली, "अगं बाई, माझी डबी घरीच ऱ्हायली. कुणाकडं चिमूटभर हाय का?"

मागितलेल्या चिमटीला नाही म्हणायची रीत आमच्याकडं नाही. कमरेच्या पिशव्यांतून, ओच्यातून, चोळीतून डब्या निघाल्या. कुणाची मलमाची रिकामी डबी, कुणाची पितळेची. बायका एकमेकींकडं बघून हसायला लागल्या, मग माझ्याकडं. मी कबूल केलं की ही माझी आई आहे आणि मला तिचीही सोडवता आलेली नाही. त्यानंतर तक्ता काढला. दुपारपर्यंत सेहेचाळीस नावं झाली, प्रत्येकीला सगळं वाचून दाखवून.

शेवटी एक म्हातारी अंगठा द्यायला आली. अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवायच्या आधी थांबली. "म्हंजे तीन वर्सं तुमी आमची त्वांडं बघत बसणार," ती म्हणाली. "मग सोडायची कवा?"

उत्तराची वाट न बघता तिनं अंगठा टेकवला. माझ्या अर्जात मिश्री सोडवण्याबद्दल एक ओळही नव्हती. उलट बायकांनी सोडली तर माझे नमुने बिघडणार होते. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी मी अर्जाचा मधला भाग फाडून नव्यानं लिहिला. जिला सोडायची तिला मदत करायची आणि सोडली तरी तिला अभ्यासात ठेवायचं. पहिल्या खेपेचं शून्यही लपवलं नाही.

मुलाखतीत एका परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. आधी शून्य, मग सेहेचाळीस, आणि आता त्याही कमी होणार, मग तुम्ही पात्र कशा? मी डबीपासून सगळं सांगितलं. म्हटलं, त्यांनी सोडली तर मला वाईट वाटेल असं संशोधन मला नको आहे. बाहेर आल्यावर वाटलं, जरा जास्तच बोलले.

पाच आठवड्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. मी जागेवरच रडले आणि पहिला फोन आशाताईंना केला. त्यांना आनंद झाला, पण आवाज अडखळला.

"मॅडम, रागावू नका. चौघींनी सोडलीया. त्या बसत्यात ना आता?"

बसतात, मी म्हटलं, अगदी पहिल्या. कोण कोण ते विचारलं. त्यांनी तिघींची नावं सांगितली, त्यात ती म्हातारीही होती. चौथी गावातली न्हाई, त्या म्हणाल्या. ती आणि म्हातारी रोज सकाळी तलफेच्या वेळेला एकमेकींना फोन लावतात. अठरा दिवस झाले.

मी घरी आले. आई ओट्याशी भाकरी थापत होती. मला का नाही सांगितलंस, मी विचारलं. तिनं तव्यावर भाकरी टाकली, कडेनं पाणी फिरवलं.

"तू पंधरा वर्सं सांगत हुतीस," ती म्हणाली. "ती म्हातारी माझ्यासंगं सोडाया बसली."