बोर्ड कंपनीचा आहे

आमच्या सौदीतल्या अल खर्जच्या डेअरीतले जुने लोक कुणाच्या लग्नात भेटले, की पानावर बसल्यापासून एकच विषय: तो बोर्ड! दर वेळी कुणाला तरी नवा किस्सा आठवतो. सगळे पोट धरून हसतात. मला अजून राग येतो.

बोर्ड कंपनीच्या कॉम्प्युटरवरचा. प्रत्येक शेडमध्ये एक टर्मिनल. कुणीही इंग्रजीत चार ओळी टाकाव्यात, सगळ्यांनी वाचाव्यात. फोन लागत नसत, म्हणून घरून आलेले टेलेक्सही त्यावरच लागत. कुवेतची लढाई पेटली आणि फर्मान निघालं: यापुढे प्रत्येक मजकूर आधी अ‍ॅडमिनचे देसाई वाचतील, घबराट पसरवणारा असला तर अडवतील.

"म्हणजे आम्ही बोलायचंच नाही?" मी विचारलं.

"बोर्ड कंपनीचा आहे," देसाई म्हणाले. "स्वातंत्र्य हवं तर गेटाबाहेर जाऊन बोला."

स्टोअरचा लतीफ, रत्नागिरीचा, हसत सुटला. "साहेब, गेटाबाहेर सौदी आहे!"

*

लतीफनं लिहिलं, 'सायरन झाला की तळघरात या.' देसाईंनी उडवलं. 'सायरन' वाचून माणसं घाबरतात!

त्याच आठवड्यात सायरन झाला. तळघरात मॅनेजर एकटेच, गॅसचा मास्क लावून. वर येऊन आमच्यावरच ओरडले, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

*

स्फोटांच्या आवाजानं गाईंचं दूध कमी झालं. गुरांचे डॉक्टर जोशी यांनी तसं बोर्डावर टाकलं. अडवलं. कारण: अफवा.

जोशी तडक देसाईंच्या टेबलाशी. "मग गाईंना तुम्हीच समजवा!"

*

लतीफला टीव्ही विकायचा होता. त्यानं 'अर्जंट' लिहिलं. नामंजूर! लोकांना वाटेल, पळापळ सुरू झाली.

लतीफनं परत टाकलं: 'टीव्ही विकणे आहे. अजिबात घाई नाही. पुढच्या वर्षी घेतलात तरी चालेल.'

मंजूर!

*

लढाई थांबली. त्या सकाळी देसाईंनी अडवलेले सगळे मजकूर एकदम सोडले. टर्मिनलपुढे ही गर्दी! जो तो आपलं वाचून हसत होता.

माझ्या नावावर दोन टेलेक्स होते. दोन्ही मेहुण्याचे, साताऱ्याहून. पहिला: 'सुमन सीरियस. कम अर्जंट.' दुसरा पाच दिवसांनंतरचा: 'वाट पाहिली. काल अग्नी दिला.'

सुमन माझी बायको.

दोन्हींखाली एकच शब्द होता. मंजूर.

लतीफनं हात पुढे करून टर्मिनल बंद केलं. मी देसाईंच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो.

त्यांनी फाईल उघडली, पहिला टेलेक्स काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

"'अर्जंट' होतं ना त्यात," ते म्हणाले. "तेवढा शब्द नसता, तर त्याच दिवशी लावला असता."