चौरागढची मोहीम आणि मावशीचा त्रिशूळ

बेसा भागातल्या आमच्या सोसायटीतले लोक पन्नाशी ओलांडल्यावर एकाएकी गिर्यारोहक झाले. पहिली मोहीम पचमढीजवळच्या चौरागढावर ठरली, तीही महाशिवरात्रीला, कारण सुट्टी तेव्हाच होती. मला लोक वाचणारा समजतात, म्हणून माहितीपत्रक माझ्या गळ्यात पडलं. भूगोल सोपा होता: सातपुड्याचं वालुकाश्माचं शिखर, धूपगडापेक्षा थोडं बुटकं, माथ्यावर महादेव, शेवटी हजारावर पायऱ्या. चढाईच्या इतिहासात मात्र सोसायटीच्या अध्यक्षांना आमचीच मोहीम पहिली हवी होती.

तो इतिहास विचारायला मी खापा गावच्या मावशीकडे गेलो. ती सात वेळा चढली होती, अनवाणी. आमच्याकडे चौरागढच्या महादेवाला बोललेला नवस फेडायला लोखंडी त्रिशूळ खांद्यावरून वर न्यावा लागतो. मावसभावाच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं तसा नवस बोलला. भाऊ बरा झाला, त्रिशूळ घडवून आणला, आणि तिचे गुडघे गेले. दोन वर्षं त्रिशूळ दाराआड उभा होता आणि तिला धड झोप नव्हती. तू नेशील का, असं तिनं विचारलं. माझा देवावर विश्वास नाही, हे मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं.

"तुह्या विश्वासाचं मले काय करायचं हाये गा? तुहे गुडघे चांगले हायेत."

त्रिशुळामुळे मोहिमेचं स्वरूप बिघडेल, अशी अध्यक्षांची हरकत होती. त्यांनी स्वतः दोर आणला होता. पायऱ्यांवर तो कुठे बांधायचा, ते ठरायचं होतं.

पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. पण खांद्यावर त्रिशूळ दिसला की गर्दी आपोआप बाजूला होई. बायका मला नमस्कार करत होत्या. मी खजील होऊन चढत होतो. थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं तर अख्खी मोहीम माझ्या मागे एका ओळीत, आणि अध्यक्षांचा हात त्रिशुळाच्या दांड्यावर. फोटोही त्यांनी त्रिशुळासकटच काढून घेतला.

माथ्यावर त्रिशुळांचा खच पडला होता. त्यातच फट शोधून मी आमचा रोवला आणि मावशीला फोन लावला. मला धाप लागली होती, त्याची तिनं चौकशी केली नाही. उभा ठेवला की आडवा, एवढंच विचारलं. उभा, मी म्हणालो.

"आता सांभाळून उतर, बापू," ती म्हणाली. "पडला तर मले पुन्हा नवस बोलावा लागंल."