लंगडीची वेगळी बशी

रक्त पिणारी वटवाघळं सांभाळतात म्हटलं की लोक मावशींकडे असं बघत, जणू आता त्याच कुणाच्या तरी मानेला लागणार! "अहो, ती रक्त शोषत नाहीत," मावशी वैतागून सांगत. "गुराला बारीकसा चावा घेतात आणि मांजरासारखं चाटून पितात. मुठीएवढा तर जीव!"

प्राणिसंग्रहालयातल्या वटवाघळांच्या खोलीत दिवसा अंधार असे, एक मंद लाल दिवा तेवढा. खाटीकखान्यातून आलेलं रक्त घुसळून, त्यातले गोठणारे धागे काढून मावशी बशांमध्ये ओतत. अकरा वर्षं हेच काम. नाक मुरडणं केव्हाच सुटलं होतं.

परवा त्यांच्यातल्या लंगडी नावाच्या मादीचा पंखावरचा अंगठा दुखावला. बाकीच्यांनी तिला रेटू नये म्हणून मावशींनी तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. स्वतंत्र बशी, ऐसपैस जागा, सगळी बडदास्त! पण पठ्ठीने बशीला तोंड लावलं नाही. आज डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "यांना तीन दिवस उपास झेपत नाही. आज पोटात काही गेलं नाही, तर उद्या ती नसेल."

"खा गं बाई, माझी शपथ आहे तुला," मावशी विनवत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. थोरली बहीण. मावशींचे यजमान जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून ताई रोज जेवायला बोलवायची आणि मावशी "मी एकटीच बरी आहे गं" म्हणून चहा-पावावर भागवायच्या. आज त्यांनी फोन उचललाच नाही.

लंगडी जाळीला चिकटून बाकीच्यांच्या मोठ्या पिंजऱ्याकडे तोंड करून बसली होती. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. "मेली माझी अक्कल! हिला बशी कुठे हवीय?"

डॉक्टरांना विचारून त्यांनी लंगडीला परत सगळ्यांत सोडलं. थोड्या वेळाने भांडकुदळ नावाची दुसरी मादी जवळ आली. भांडकुदळ आजारी होती तेव्हा लंगडीनेच तिला पाजून जगवलं होतं. आज भांडकुदळने आधी लंगडीचं अंग चाटलं. मग तोंडाला तोंड लावून आपल्या पोटातलं रक्त घोट घोट तिला दिलं. लंगडी मुकाट्याने प्यायली.

मावशींना रडू आवरेना. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि फोन लावला.

"ताई, आज जेवायला येऊ?"

"विचारतेस काय? रोज तुझं पान मांडतेय मी."